नरडाण्याला नेलेले पन्नास बोर्ड

भाऊ,

तुला जाऊन चौदा दिवस झाले आणि या चौदा दिवसांत आपल्या घरात तुझ्याबद्दल एकही माणूस खरं बोललेला नाही. काल तेराव्याला तर लोकांनी तुला इतकं चांगलं करून टाकलं, की आपण नक्की कोणाच्या घरी बसलोय हे बघायला मी दोनदा फोटोकडे पाहिलं. कोणी म्हणालं, बाप गेल्यावर बापासारखा वागला. कोणी म्हणालं, बहिणीवर जीव टाकायचा. मी बुंदी वाढत होते. एका काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "पोरी, असा भाऊ नशिबाने मिळतो." मी त्यांच्या पानात आणखी एक मूठ बुंदी टाकली आणि पुढे गेले.

मला जे बोलायचंय ते त्यांच्याशी नाहीच. तुझ्याशी आहे, आणि ते तू जिवंत असताना निम्मंच झालं.

अण्णा गेले तेव्हा मी दहावीत होते आणि तू नुकताच आयटीआयमध्ये निदेशक म्हणून शिकवायला लागला होतास. देवपुरातल्या त्या दोन खोल्या, आई, तू आणि मी. तू संध्याकाळी घरी यायचास, बाहेरच्या खोलीतलं टेबल ओढायचास आणि शेतकऱ्यांच्या मोटारींसाठी ऑटो स्विच बनवायला बसायचास. शेतात वीज कधी येईल याचा नेम नसायचा. वीज आली की मोटार आपोआप चालू करायची, एवढंच त्या डबीचं काम. पण ज्याच्या विहिरीवर ती डबी होती त्याला झोप मिळायची. दोंडाईच्याचे मिरचीवाले यायचे, यावल-रावेरकडून केळीवाले यायचे, चपला दाराबाहेर काढून टेबलापाशी उभे राहायचे आणि तुला 'सर' म्हणायचे. तुला ते फार आवडायचं.

त्या डबीतलं सगळ्यात अवघड काम होतं पीसीबीचं, म्हणजे आतल्या सर्किटच्या बोर्डाचं. तांब्याचा पातळ थर चढवलेली शीट कापायची, तिच्यावर ऑइल पेंटने सर्किटच्या रेघा काढायच्या, रंग वाळला की फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ती बुडवायची आणि टब हलवत बसायचं. रंगाखालचं तांबं तेवढं राहतं, बाकीचं विरघळून जातं. मग थिनरने रंग पुसला की खाली लखलखीत रेघा. मुंबईहून बोर्ड छापून आणायचे तर शंभर-दोनशेच्या खाली कोणी हात लावत नसे, म्हणून तू ते घरी करायचास. आणि तुला ते जमत नव्हतं. तुला सर्किट तोंडपाठ होतं, पण बोटं जाड होती आणि स्वभाव उतावळा. तुझ्या रेघा फुगायच्या, शेजारच्या रेघेला चिकटायच्या. एका संध्याकाळी तू तिसरी शीट चिडून भिंतीवर आपटलीस आणि आंघोळीला गेलास. मी ती उचलली, थिनरने पुसली, आणि तुझ्या कागदावरून बघून काढायला बसले. कंपाउंडरकडून आणलेली इंजेक्शनची सुई होती, टोक घासून बोथट केलेली. मागच्या सिरिंजमध्ये रंग भरून हळू दाबलं की दोऱ्यासारखी रेघ यायची.

तू डोकं पुसत बाहेर आलास. पाहिलंस. भिंग लावून पुन्हा पाहिलंस. मग मला म्हणालास, "उद्यापासून तू."

शाबासकी नाही, काही नाही. पण आईला हाक मारून ती शीट दाखवलीस. आईने हात पदराला पुसून ती घेतली आणि उलटी धरून म्हणाली, "रांगोळी शे का?" तू इतका हसलास, की मीही हसले. पंधरा वर्षांची होते मी. त्या हसण्यावर मी पुढची अकरा वर्षं काढली, असं आता वाटतं.

तू मला खूप शिकवलंस. तेही लिहायला हवं. कुठलीही रेघ तू मला नुसती काढायला सांगितली नाहीस, तिचं कारण सांगितलंस. "ही जाड का? हिच्यातून रिलेचा करंट जातो. ही बारीक चालेल, हिच्यातून नुसता इशारा जातो." मला चष्मा लागला तेव्हा तू रजा टाकून डॉक्टरकडे नेलंस. आणि चुकलं की पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचास. अशी मारायचास की लागावं जोरात, पण हात सुजू नये, कारण लगेच पुढची शीट काढायची असायची. बारावीच्या पेपराच्या आदल्या दिवशी तू माझ्यापुढे अठरा शीट ठेवल्यास. मी म्हटलं, "भाऊ, उद्या फिजिक्स शे."

"हेच फिजिक्स आहे," तू म्हणालास. "त्या पुस्तकातलं कोणाला विकता येतं?"

मी नापास झाले. तू म्हणालास, बरं झालं, आता वेळ मिळेल.

फेरिकचे डाग तुला आठवतात? तुझ्या हाताला नसायचे, तू लांबून सांगायचास. माझी नखं आणि बोटं कायम पिवळी-तपकिरी असायची. आई लिंबू चोळायची. "हात देख तुन्हा," म्हणायची, "कोन करी तुले?"

तरी एकाने करायची तयारी दाखवली. चाळीसगावचं स्थळ. मुलगा पोस्टात होता. मी बावीस वर्षांची होते. चहाचे कप ठेवताना त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "हे कसले डाग?" आई कावरीबावरी झाली. मी त्याला सांगितलं. शीट, रंग, फेरिक, सगळं. तो मध्ये मध्ये विचारत होता. रंग वाळला नसला तर काय होतं? पाणी गरम का लागतं? मला वाटतं माझ्या आयुष्यात माझ्या कामाबद्दल कुणी विचारलेले ते पहिले प्रश्न होते. निघताना तो म्हणाला, "आमच्या घरी न्हाणीघर मोठं आहे. तुमचा टब मावेल." त्याच्या मामी खो-खो हसल्या. आईने त्या दिवशी शेजारी साखर वाटली.

तू त्यांना सोडायला स्टँडवर गेलास.

आठ दिवसांनी पत्र आलं. योग दिसत नाही, एवढंच. आईने पत्र बाजूला ठेवलं आणि माझे हात धरून मला मोरीपाशी नेलं. काथ्या घेऊन तिने माझी बोटं घासली. रक्त येईपर्यंत घासली, आणि रडत होती. तू दारात उभा होतास. मला नीट आठवतं, तू दारात उभा होतास आणि म्हणालास, "आई, नको घासूस. तिला उद्या काम आहे."

त्यानंतर स्थळं आली नाहीत. एक-दोन जण येतो म्हणाले आणि आले नाहीत. दीड वर्ष तू वाट पाहिलीस, निदान तसं सांगायचास, मग 'हिचं जमत नाही म्हणून किती थांबायचं' असं म्हणून स्वतःचं लग्न केलंस. मंगलावहिनी आली. बिचारी. तिने पहिल्याच महिन्यात डाग पडू नयेत म्हणून मला रबरी हातमोजे आणून दिले. मोजे घालून माझी रेघ हलायची, म्हणून तू ते मोटारसायकलचं तेल बदलायला घेतलेस.

मग आला तो झेरॉक्सचा कागद.

आग्रा रोडला झेरॉक्सची दुकानं निघाली होती. तुला कुठल्याशा मासिकात युक्ती सापडली. सर्किटच्या रेघा एकदाच कागदावर काढायच्या. त्याची गुळगुळीत कागदावर झेरॉक्स मारायची. तो कागद तांब्यावर पालथा घालायचा आणि वरून कडक इस्त्री फिरवायची. झेरॉक्सची काळी पूड तांब्याला चिकटते आणि तीच रंगाचं काम करते. एका शीटला मला पाऊण तास लागायचा. इस्त्रीला चार मिनिटं.

तू एका छोट्या तुकड्यावर करून बघितलंस. दोन सरळ रेघा आणि एक गोल. फेरिकमधून निघाल्यावर ती रेघ पाहून तू नाचलास. खरोखर नाचलास, भाऊ, चाळिशीकडे निघालेला माणूस, बनियनवर. वहिनीला हाक मारलीस, आईला मारलीस. मी टेबलापाशी सुई हातात घेऊन बसले होते, अर्धी रेघ झाली होती. तू माझ्या हातातून सुई काढून घेतलीस आणि खिडकीतून बाहेर फेकलीस.

"सुटलो बुवा," म्हणालास. "आता तुझी गरज नाही."

आनंदात म्हणालास. मला लागावं म्हणून नाही, हे मला माहीत आहे. मी तिथे आहे हेच तुझ्या लक्षात नव्हतं. तू मारलेल्या कुठल्याही पट्टीपेक्षा ते जास्त लागलं.

त्याच महिन्यात नरडाण्याचं काम आलं. तिथे एका शेठने मोटारींचे स्टार्टर बनवायची फॅक्टरी टाकली होती. त्याला तुझं ऑटोचं सर्किट पसंत पडलं. त्याने पन्नास बोर्ड नमुन्याला मागवले, नुसते बोर्ड, बाकीची जुळणी त्याच्याकडे. सगळे एकसारखे हवेत, ही अट. जमलं तर पुढचं सगळं काम तुझं. तू शनिवारी दुपारी झेरॉक्स मारून आणलीस, वहिनीकडून इस्त्री घेतलीस आणि टेबलावर घोंगडी अंथरलीस.

मी चहा घेऊन आले आणि कागद पाहिला.

ऑटोचं ते सर्किट मी किती वेळा काढलं होतं त्याची गणती नाही. रिलेच्या जाड रेघा डाव्या कडेला असायच्या, तिथून माझा हात सुरू व्हायचा. तुझ्या कागदावरही त्या डावीकडेच होत्या. आणि कागद तर तू पालथा घालणार होतास. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तरच कागदावर सुलटी उमटतात. तसं हे सर्किट कागदावर उलटं असायला हवं होतं. तू सुलटंच छापून आणलं होतंस. इस्त्री फिरवलीस की तांब्यावर सगळं उजवं डावं होणार, आयसी चिपच्या पायांची जागा फिरणार, रिले बसणारच नाही. दोन रेघा आणि एक गोल यांना उलटसुलट नसतं, म्हणून तुझ्या त्या तुकड्यावर ते कळलं नव्हतं. आणि नजरेने ओळखायला तू अकरा वर्षांत तांब्यावर एकही रेघ काढली नव्हतीस.

मला एका क्षणात दिसलं. कप खाली ठेवण्याआधी दिसलं.

मी कप ठेवला आणि आत गेले.

तू इस्त्री फिरवत होतास. पहिली, दुसरी, पाचवी. वहिनी पाण्यात कागद भिजवून चोळून काढत होती. मी पुन्हा चहा आणला. तू न बघता म्हणालास, "बघ, कसं फटाफट." मी म्हटलं, "हो." रविवारी फेरिक झालं, भोकं पाडून झाली. पन्नासच्या पन्नास, कडा घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. मी गुंडाळायला मदत केली.

सोमवारी तू मला खोकं धरायला सोबत घेतलंस. एसटीत खिडकीशी बसलास, नवा शर्ट घातला होतास. सोनगीरचा थांबा गेल्यावर तू मला सांगितलंस, हळूच, जणू भेट देत असल्यासारखं, की तू आयटीआयचा राजीनामा दिलाय. आठ दिवसांपूर्वीच. शेठने शब्द दिलाय, घरी अजून कोणाला बोललो नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

भाऊ, मला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. नरडाणा यायला अजून वेळ होता. मी म्हणू शकले असते, खाली उतरू, तब्येत बिघडली म्हणून निरोप पाठवू, पाच दिवसांत मी हाताने पन्नास काढून देते. मी काढले असते. मला माहीत होतं मी काढले असते. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तुला किती आनंद झाला होता. आणि मी म्हटलं, "बरं केलंस."

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मी तुला सोडणार नाही, मी सांगणारच. शेठच्या फोरमनने एक बोर्ड घेतला, त्यावर रिले ठेवून पाहिला, फिरवून पाहिला. मग म्हणाला, "सर, हे आरशातलं आहे का?" तू म्हणालास, कसं शक्य आहे. दुसरा काढलास, तिसरा काढलास. जमिनीवर उकिडवं बसून तू सगळ्या पुड्या सोडल्यास. बाकावरच्या पोरींनी काम थांबवलं होतं. फोरमन म्हणाला, "आयसीचे पाय उलटे वाकवून बसवता येतील," आणि एकजण फिस्सकन हसली, मग सगळ्या. शेठ हसला नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही शिकवायचंच काम करा." नमस्कार केला आणि आत गेला.

परतीच्या बसमध्ये तू म्हणालास, "चुकलं कसं पण?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? माझी गरज नव्हती ना."

तुझी मान माझ्याकडे वळली, मग पुन्हा खिडकीकडे. तुला वाटलं मी टोमणा मारतेय. त्याच्या खाली काय आहे ते तुला दिसलं नाही.

आयटीआयची जागा गेली ती गेलीच. तू आग्रा रोडला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जायला लागलास, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मालकाच्या हाताखाली. मला एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे ट्रेस करायचं काम मिळालं. रेघ सरळ असली की त्यांना बाकी काही लागत नव्हतं. दोन वर्षं घर मी चालवलं आणि तुला ते विसरू दिलं नाही. तू सकाळी डबा घेऊन निघालास की मी दारात येऊन म्हणायचे, "भाऊ, काही गरज पडली तर सांग." रोज म्हणायचे. वहिनीला वाटायचं, किती काळजी करते. तुला काय वाटायचं?

आणि हे सगळं करताना मला दोंडाईच्याला पुढे जी कळली ती गोष्ट माहीत नव्हती. म्हणजे माझ्याकडे कारणही नव्हतं. लोकांना नंतर सांगता यावं असं एकही कारण नसताना मी तुझं वाटोळं होऊ दिलं, फक्त एका वाक्यापायी. मी स्वतःला त्यातून सोडवत नाही.

काही वर्षांनी दोंडाईच्याला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसले होते. एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि मायेने म्हणाल्या, "तू चुलीपाशी नको बसूस गं. फिट अजून येते का?"

मी ओळखलं नाही. त्या चाळीसगावच्या मामी होत्या, न्हाणीघरावर हसलेल्या.

"कसली फिट?" मी म्हटलं.

"अगं, लाजायचं काय त्यात. तुझ्या भावानेच तर स्टँडवर सांगितलं होतं आमच्या ह्यांना, बाजूला घेऊन. महिन्यातून दोनदा येते म्हणाला, तोंडाला फेस येतो, तुम्हाला फसवायचं नाही. हे अजून नाव काढतात त्याचं. म्हणतात, किती प्रामाणिक माणूस, सख्ख्या बहिणीचंही झाकून ठेवलं नाही."

त्या पुऱ्या लाटायला लागल्या. तू तेव्हा मांडवात पंगतीला बसला होतास. मी दारातून तुला बघितलं. तू जिलबी मागून घेत होतास.

घरी येऊन मी विचारलं तेव्हा तू नाकारलंही नाहीस. मला वाटलं होतं तू चिडशील, शपथ घेशील. तू शर्टाची बटणं काढत म्हणालास, "हो. बोललो होतो."

"का?"

"त्या वर्षी तू गेली असतीस तर सगळं बंद पडलं असतं. घर कशावर चाललं असतं?"

"तुझा पगार होता."

"पगारावर माणूस जगतो. मोठा होत नाही." मग शर्ट खुंटीला लावत म्हणालास, "मला वाटलं एक वर्ष थांबू, पुढच्या वर्षी दुसरं बघू. ते समाजभर पसरेल असं वाटलं नव्हतं."

"फिट का म्हणालास? दुसरं काही सुचलं नाही?"

तू खरंच विचार केलास. "दुसरं काही सांगितलं असतं तर ते चौकशीला आले असते."

आई आतून आली. ती तेव्हा थकली होती, भिंतीला धरून चालायची. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तरी ती तुझ्या थोबाडीत मारेल. ती माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे माय. भाऊ शे तुन्हा. जे व्हयनं ते व्हयनं." तू अंगणात जाऊन पाय धुतलेस आणि जेवायला बसलास. वाढलं मीच.

तो विषय आपण पुन्हा काढला नाही. आई गेली तेव्हाही नाही. तू माफी मागितली नाहीस, मी मागायला लावली नाही, कारण मला एक गोष्ट राखून ठेवायची होती. तुझं उघडं पडलं होतं. माझं अजून झाकलेलं होतं. मला त्याचा आधार वाटायचा, एखाद्याला दागिन्याचा वाटावा तसा.

मागच्या महिन्यात तुला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. दवाखान्यात वहिनी रात्री राहायची, दिवसा मी. मी तुला भात भरवला, तोंड पुसलं, कूस बदलली. नर्स म्हणाली, ताई, तुमच्यासारखं करणारं कोणी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डात शांत होतं. तू छताकडे बघत होतास आणि एकदम म्हणालास, "हात गेला गं माझा." डोळ्यांतून पाणी आलं.

मला तुझी दया आली. खोटं नाही सांगत, आली. आणि त्या दयेतच मला वाटलं, आता सांगावं. पुन्हा वेळ मिळणार नाही.

मी खुर्ची जवळ ओढली. "भाऊ, नरडाण्याचे बोर्ड उलटे होते ते मला आधीच दिसलं होतं."

तुला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द, जसं तू मला शिकवताना बोलायचास तसं.

"कधी?" तू विचारलंस.

"तू पहिली इस्त्री फिरवायच्या आधी."

मग म्हणालास, "बसमध्ये?"

"बसमध्येही माहीत होतं."

"राजीनामा... सांगितला तेव्हा?"

"हो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्या नजरेची वाट पाहत होते, इतकी वर्षं. त्यात राग असेल असं धरून चालले होते. राग नव्हता. तू घाबरला होतास. आपली पाण्याची, भाताची, कूस बदलायची सगळी भिस्त कोणावर आहे, हे तुला तेव्हा कळलं. तू मान भिंतीकडे वळवलीस, वळवायला तुला किती कष्ट पडले ते मी पाहिलं, आणि मदत केली नाही.

त्यानंतर तू तीन दिवस होतास. वहिनीशी बोललास. वॉर्डबॉयशी बोललास. मी पाण्याचा पेला ओठांना लावला की ओठ मिटून घ्यायचास. वहिनीने तोच पेला माझ्या हातून घेऊन लावला की प्यायचास. ती म्हणायची, बायकोचा हात ओळखतात. तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास तेव्हा मी घरी होते. मला बोलवू नका असं तू सांगितलं होतंस की काय, हे मी वहिनीला विचारलेलं नाही.

काल सगळे गेल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, त्या दुपारी तुम्ही दोघं बरंच बोलत होता म्हणे. नर्स सांगत होती. काय म्हणाले हो? माझ्याशी तर नुसतं पाणी दे, पाय दाब."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातून मी तो पगार, ते स्थैर्य काढून घेतलं होतं आणि तिने मला हातमोजे आणून दिले होते. तिला खरं सांगणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "माझी माफी मागितली त्याने."

"कशाबद्दल?"

"असंच. सगळ्याबद्दल."

ती माझ्या गळ्यात पडून रडली. हलकी झाल्यासारखी रडली. आणि आज सकाळपासून ती येईल त्याला सांगतेय. काका आले, त्यांना सांगितलं. शेजारच्या बाईला सांगितलं. शेवटी बहिणीची माफी मागून गेले, केवढं मन. काका डोळे पुसत म्हणाले, मोठा माणूस. तू कधी न मागितलेली माफी आता तुझ्या नावावर जमा झाली, आणि मी काही करू शकत नाही.

मी माफ केलं का, हे मात्र मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर मी हो म्हणेन. तुला खरं सांगते, भाऊ. नाही केलं. तूही मला करू नकोस.

तुझी,
कुमुद